डोक्यावरचा अलिखित नियम : जपानी शाळा, बेसबॉल आणि मुलांचे केस

जपानात शालेय बेसबॉलची व्यवस्था पाहणारा एक राष्ट्रीय महासंघ आहे. नियमांच्या बाबतीत ही संस्था फार काटेकोर. धातूची बॅट ९०० ग्रॅमपेक्षा हलकी असता कामा नये, असे तिने ठरवून टाकले आहे. त्या बॅटीची जाडी किती असावी याचा नवा नियम २०२४ पासून लागू झाला. मुलांनी पांढरे बूट घालून खेळावे की नाही, हा प्रश्नही तिच्या नजरेतून सुटला नाही. ती परवानगी २०२० साली मिळाली. परंतु खेळाडूने डोक्यावर केस किती ठेवावेत याविषयी या महासंघाच्या नियमांत एक अक्षर नाही. आणि तरीही २०१८ साली याच महासंघाने केलेल्या पाहणीत असे दिसून आले की, शंभरांपैकी जवळजवळ ७७ शाळांच्या बेसबॉल-संघांत डोक्यावर मशीन फिरवून घेणे हीच रीत होती. बोटाच्या पेराइतकेही केस शिल्लक राहू नयेत, इतके ते बारीक करावयाचे.

जो नियम कोठेही लिहिलेला नाही तो एवढ्या डोक्यांवर कोणी बसविला, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय हलका वाटेल. लढाया आणि तह सोडून आम्ही न्हाव्याच्या दुकानात कशाला शिरलो, असेही कोणी म्हणेल. त्यावर आमचे उत्तर एवढेच की, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आवडता खेळ खेळावयाचा असेल तर त्याने आधी मान खाली घालून न्हाव्यापुढे बसले पाहिजे, ही अट एका शहाण्या, शिकलेल्या समाजाने दीर्घकाळ चालविली. ती का चालविली, हे समजून घेणे काही पोरखेळ नव्हे.

या रीतीचे समर्थन करणारे लोक नेहमी परंपरेकडे बोट दाखवितात. सामुराईंची शिस्त, बौद्ध मठांतील संयम, जपानी वृत्ती असे मोठमोठे शब्द मग येतात. बारीक केलेल्या डोक्याला जपानीत 'बोझु' म्हणतात आणि बोझु म्हणजे बौद्ध भिक्षू, ही गोष्ट खरी आहे. पण शब्दावरून वंशावळ काढू गेले तर फसगत होते. भिक्षू आपण होऊन मुंडन करतो, आणि ते करून खेळाच्या मैदानात नव्हे तर संसाराबाहेर जातो. सामुराईचे म्हणाल, तर तो केस राखणारा माणूस होता. कपाळापासून टाळूपर्यंत डोके भादरावयाचे, मागचे आणि बाजूंचे केस वाढवून, तेल लावून, घट्ट बांधून ती गाठ टाळूवर आडवी घ्यावयाची, अशी त्याची केशरचना असे. शिरस्त्राणाखाली डोके तापू नये म्हणून ही पद्धत पडली असे म्हणतात. आपल्याकडील शेंडीसारखीच ती नुसती केसांची गाठ नव्हती. माणूस कोण, कोणत्या दर्जाचा, हे ती गाठ सांगे. एखाद्याची ती गाठ कापणे म्हणजे त्याची अब्रू कापणे.

मग केस कापले कोणी? सरकारने. मेइजी राजवटीने १८७१ साली एक हुकूम काढला की, यापुढे केस कापणे आणि तलवार न बाळगणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहील. भाषा मर्जीची होती, पण वाऱ्याची दिशा सर्वांना कळली. त्याच वर्षाच्या अखेरीस इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली एक मोठे शिष्टमंडळ अमेरिका व युरोप पाहण्यास निघाले. इवाकुरा हे जुन्या वळणाचे सरदार. किमोनो आणि डोक्यावरची गाठ घेऊनच ते अमेरिकेत उतरले. तेथे शिकत असलेल्या मुलांच्या आग्रहावरून त्यांनी ती गाठ उतरविली असे सांगतात. १८७३ च्या मार्च महिन्यात स्वतः सम्राटांनी केस कापले, आणि प्रश्न मिटला. गंमत अशी की, पुरुषांना कात्रीची मुभा देणारे हेच सरकार बायकांनी केस कापू लागताच दचकले, आणि १८७२ साली टोकियोत स्त्रियांच्या केस कापण्यावर बंदी आली. सुधारणा म्हटली तरी ती कोणाच्या डोक्यावर करावयाची हे सरकारच ठरविणार!

एका जमातीने मात्र गाठ सोडली नाही. ती जमात म्हणजे सुमो पहिलवानांची. आजही वरच्या वर्गातील सुमो मल्ल आखाड्यात उतरतो तो केस राखून, तेल लावून, गाठ बांधूनच. तेव्हा जपानी खेळात जुनी जपानी परंपरा डोक्यावर कोठे राहिली असेल, तर ती सुमोच्या आखाड्यात. आणि तेथील दंडक केस वाढविण्याचा आहे. बेसबॉलच्या मैदानावरील बोडक्या डोक्यांना ही वंशावळ लावता येणार नाही.

त्यांची वंशावळ आहे ती बराकीतली. १८७३ साली जपानात सक्तीची लष्करभरती सुरू झाली. शेतकऱ्याचा मुलगा आणि सामुराईचा मुलगा एकाच रांगेत उभे करावयाचे, तर दोघांची डोकी सारखी हवीत. उवा आणि जखमा यांचाही विचार होताच. युरोपातील फौजांचे अनुकरण करून शिपायाचे केस अगदी बारीक ठेवण्यात आले. कात्रीने हजारो डोकी भादरणे हे जिकिरीचे काम. पण १८८० च्या दशकात फ्रान्समधून केस कापण्याचे हातमशीन जपानात येऊन पोहोचले. ते बनविणाऱ्या फ्रेंच कारखान्याचे नाव बारिकां ए मार. जपानी लोक त्या यंत्राला आजतागायत 'बारिकान' म्हणतात. ज्या डोक्याला शुद्ध जपानी म्हणून मिरविले जाते, त्याच्यावर फिरणाऱ्या मशीनचे नाव असे फ्रेंच आहे.

बराकीतून हे डोके शाळेत आले. १८८५ साली मोरी आरिनोरी हे शिक्षणमंत्री झाले. शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयांत त्यांनी लष्करी कवायत आणली. पुढे शाळांतही तीच हवा खेळू लागली. मुलांचा गणवेश पाहा. बंद गळ्याचा काळा कोट, पितळी गुंड्या, डोक्यावर टोपी. सैनिकाचीच लहान आवृत्ती. टोपीखाली केसही सैनिकाचेच आले. त्या काळी मधल्या शाळेत बारा ते सतरा वर्षांची मुले शिकत. तेथे बारीक केस हा सर्वांचाच नियम होता, खेळाडूंचा वेगळा नव्हता.

आणि या शाळांच्या वर जी उच्च विद्यालये होती, तेथे नेमका उलटा प्रकार! तेथला विद्यार्थी फाटकी टोपी, विटका कोट, उंच खडावा आणि विस्कटलेले वाढलेले केस यांत भूषण मानी. तो देशाचा उद्याचा अधिकारी, त्याला सर्व माफ. थोडक्यात, केस कोणी बारीक ठेवावयाचे हे वयाने आणि दर्जाने ठरत होते. ज्याच्यावर हुकमत चालवावयाची त्याचे डोके बारीक, जो हुकमत चालविणार त्याचे मोकळे. हा धागा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा हाती येणार आहे.

आता खेळाकडे वळू. बेसबॉल जपानात आणला तो होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने, १८७२ साली, टोकियोच्या एका सरकारी विद्यालयात. चेंडू फेकणारा, टोला मारणारा आणि चार कोपऱ्यांवरून धाव पुरी करणारा, असा हा खेळ आपल्याकडे चित्रपटांमुळे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मे १८९६ मध्ये टोकियोच्या पहिल्या उच्च विद्यालयाच्या मुलांनी योकोहामातील परदेशी गोऱ्यांच्या क्लबाला २९ विरुद्ध ४ असे हरविले, आणि हा खेळ देशाचा झाला. या विद्यालयातील सराव इतका कडक असे की चेंडू लागला तरी 'दुखते' म्हणण्याची बंदी होती. फार तर 'खाजते' म्हणावे! सोसणे हाच खेळाचा गाभा, ही समजूत तेथपासूनची.

बेसबॉल सर्वांना प्रिय होता असे मात्र नाही. १९११ साली टोकियोच्या 'असाही' वृत्तपत्राने बेसबॉलच्या दुष्परिणामांवर एक लेखमाला चालविली. तीत मत देणाऱ्यांत नितोबे इनाझो हे होते. 'बुशिदो' या ग्रंथाचे कर्ते म्हणून जगभर गाजलेले हे विद्वान तेव्हा त्याच पहिल्या उच्च विद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या मते हा खेळ खिसेकापूंचा. प्रतिपक्षाला फसवावयाचे आणि त्याचा कोपरा चोरावयाचा. सामुराईच्या नीतीवर ग्रंथ लिहिणारा माणूस ज्या खेळाला उचल्यांचा खेळ म्हणतो, तोच खेळ पुढे सामुराईच्या नीतीचे प्रतीक म्हणून पूजिला जावा, याहून मोठा विनोद इतिहासाने क्वचितच केला असेल.

आणि ती पूजा मांडली कोणी? त्याच वृत्तपत्राच्या ओसाका येथील भावंडाने. १९१५ साली ओसाका 'असाही'ने मधल्या शाळांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा भरविली. ७३ शाळांनी भाग घेतला, दहा संघ अखेरच्या फेरीस आले. चारच वर्षांपूर्वी ज्या खेळाला शिव्या दिल्या तो खेळ भरवावयाचा, तर तो मुलांना बिघडवीत नाही, उलट घडवितो, हे लोकांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. म्हणून सामन्यापूर्वी आणि सामन्यानंतर दोन्ही संघांनी समोरासमोर रांगेत उभे राहून वाकून वंदन करावयाचे, ही पद्धत या स्पर्धेने घातली. आम्हांला असे वाटते की, बारीक डोक्याला मैदानावर जे माहात्म्य आले त्याचे बीज येथे आहे. शाळेच्या वर्गात ते डोके नुसता नियम होते. मैदानावर, हजारो प्रेक्षकांसमोर, ते सच्छीलतेचा पुरावा झाले.

१९२४ साली या स्पर्धेसाठी ओसाकाजवळ कोशिएनचे भव्य मैदान बांधण्यात आले. आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखे जपान्यांचेही साठ वर्षांचे चक्र आहे. त्यातील पहिल्या वर्षाचे नाव त्या साली आले होते, तेच मैदानाला दिले. ऐन ऑगस्टच्या उन्हात येथे सामने होतात, हरलेला संघ मैदानाची माती पिशवीत भरून घरी नेतो, आणि सारा देश ते पाहत असतो. वासेदा विद्यापीठाचे प्रशिक्षक तोबिता सुइशू यांच्यासारख्या माणसांनी या खेळाला जवळजवळ धर्माची भाषा दिली. प्रत्येक चेंडूत आत्मा ओतावा, सराव प्राणांतिक असावा. पुढे युद्ध आले. १९४१ ते १९४५ या वर्षांत 'असाही'ची स्पर्धा पार पडू शकली नाही. त्या काळात शाळकरी मुलांचीच काय, प्रौढ पुरुषांचीही डोकी सर्रास बारीक झाली होती.

युद्ध संपले, फौज विसर्जित झाली, राज्यघटना नवी आली. १९४६ साली स्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि महासंघही त्याच साली स्थापन झाला. शिपायाचे डोके आता शिपायाविना उरले होते. मधल्या शाळांच्या जागी नवी उच्च शाळा आली. १९६० च्या दशकाअखेरच्या विद्यार्थी-चळवळींनंतर पुष्कळ उच्च शाळांतून केसांचे बंधन निघूनही गेले. पण बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या सरकारी शाळांत, विशेषतः देशाच्या काही भागांत, तो नियम छापील स्वरूपात टिकून राहिला, आणि तेथूनच तो न्यायालयात गेला.

कुमामोतो जिल्ह्यातील एका मुलाने व त्याच्या पालकांनी हा दावा केला. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणाले, या नियमाने शिक्षणाला काही लाभ होतो की नाही याविषयी पुष्कळ शंका घेता येईल. परंतु तो उघडउघड अवाजवी आहे असेही म्हणता येत नाही, सबब तो घटनाबाह्य नाही. दुसरा दावा ह्योगो प्रांतातील ओनो या गावचा. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २२ फेब्रुवारी १९९६ रोजी फेटाळला गेला. त्याचे कारण ऐकण्याजोगे आहे. शाळेच्या पुस्तिकेत 'मुलांनी केस बारीक ठेवावेत' असे लिहिलेले असले, तरी ते शालेय जीवनात कसे वागावे याचे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. त्याने कोणावर कायदेशीर बंधन पडत नाही. आणि ज्याने बंधनच पडत नाही त्याविरुद्ध दाद कसली मागता?

कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध असेल. पण त्या मुलाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. नियम आहे म्हणावे तर न्यायाधीश सांगतात, बंधन नाही. बंधन नाही म्हणून केस वाढवावेत तर शाळेत सर्वांहून वेगळे डोके घेऊन जावे लागते. छापील नियमाची ही गत, तर बेसबॉल-संघाच्या न छापलेल्या नियमाविरुद्ध कोणाकडे जावे? तेथे उत्तर तयार असते : आम्ही कोठे सक्ती करतो, मुलेच आपण होऊन ठरवितात. आता ती मुले कशी ठरवितात, हे जपानी शाळेची रचना पाहिली की कळते. संघात वरच्या वर्गाचा मुलगा वडील भावाच्या जागी, खालच्या वर्गाचा धाकट्याच्या. पहिल्या वर्षाच्या मुलाने चेंडू गोळा करावेत, मैदान झाडावे, मोठ्याने 'होय' म्हणावे. तिसऱ्या वर्षाचा कप्तान डोके भादरून समोर उभा असता हा धाकटा कोणते मत देणार? मागे आम्ही हुकमत चालविणाऱ्या आणि सोसणाऱ्या डोक्यांचा धागा सांगितला तो येथे पुन्हा हाती येतो. फरक इतकाच की, येथे हुकमत चालविणाराही बोडकाच असतो, आणि म्हणून तिला हुकमत म्हणून ओळखणे कठीण जाते.

सामना हरला, संघात काही गैरवर्तन झाले, तर डोके आणखी बारीक करून प्रायश्चित्त घेण्याची चालही आहे. आपल्या भाषेत 'हजामत करणे' याचा दुसरा अर्थ काय होतो, हे श्रोत्यांना सांगावयास नको.

आता काही आकडे पाहू, कारण परंपरेची खरी परीक्षा आकड्यांत होते. महासंघ आणि 'असाही' दर पाच वर्षांनी शाळांची पाहणी करतात. १९९८ साली बारीक डोक्याची रीत पाळणारे संघ होते शेकडा सुमारे ३१. म्हणजे ही 'प्राचीन' परंपरा त्या वेळी एक-तृतीयांश शाळांपुरतीही उरली नव्हती. त्यानंतर ती मावळत जावी की नाही? तर उलट झाले. २००३ साली सुमारे ४६, २००८ साली ६९, २०१३ साली ७९! वाडवडिलांची चाल म्हणून जिचे गोडवे गायिले गेले तिचा हा भर एकविसाव्या शतकात आला; त्या मुलांच्या वडिलांपैकी कित्येकांनी केस राखून बेसबॉल खेळले असणार. असे का झाले याचे एकच कारण देता येणार नाही. १९९३ साली जपानात फुटबॉलची व्यावसायिक साखळी सुरू झाली आणि मुलांना दुसरे आकर्षण मिळाले. आमचा तर्क असा की, ज्या घराचा दिमाख ओसरू लागतो त्या घरात रीतिरिवाज अधिक कडक होतात. पूर्वी बेसबॉलला आपण वेगळे आहोत हे सांगावे लागत नव्हते. नंतर ते डोक्यावर लिहून दाखवावेसे वाटू लागले.

पण मुलेच कमी होऊ लागली तेव्हा हा दिमाख परवडेना. २०१४ साली उच्च शाळांच्या बेसबॉल-संघांत १,७०,००० च्या वर मुले होती. २०२३ पर्यंत ती १,२८,००० च्या आसपास आली. देशात जन्मच कमी होत आहेत हे त्याचे मोठे कारण. तथापि डोके भादरावे लागते म्हणून बेसबॉलकडे पाठ फिरविणारी मुले आहेत, हे प्रशिक्षकांनाही दिसू लागले. हानामाकी हिगाशी ही ओतानी शोहेई या जगप्रसिद्ध खेळाडूची शाळा. तिने ही रीत सोडली, तेव्हा इतरांना धीर आला. २०२३ च्या पाहणीत आकडा ७७ वरून एकदम २६ वर उतरला, आणि निम्म्याहून अधिक शाळांनी सांगितले की केसांच्या लांबीविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. न्यायालयांत जे झाले नाही ते पाच वर्षांत झाले. मुलांच्या हक्कासाठी ते झाले, की संघात नऊ खेळाडू भरावेत म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोशिएनवर अखेरच्या आठ संघांत तीन संघ केस राखणारे होते : हानामाकी हिगाशी, त्सुचिउरा निचिदाई आणि केइओ. केइओ ही फुकुझावा युकिची या सुधारकाने १८५८ साली स्थापिलेल्या संस्थेची शाळा. तिचे प्रशिक्षक मोरिबायाशी ताकाहिको हे मुळात प्राथमिक शाळेतील शिक्षक. मुलांनी खेळाचा आनंद घ्यावा, स्वतः विचार करावा, हे त्यांचे सूत्र. वृत्तपत्रांत या मुलांच्या 'लांब' केसांची एवढी चर्चा झाली की, परक्याला वाटावे मुले खांद्यावर जटा सोडून खेळत होती. प्रत्यक्षात आपल्या गल्लीतल्या न्हाव्याने पाहिले असते तर 'नीट कापलेत' एवढेच म्हटले असते! २३ ऑगस्टला अंतिम सामना झाला, समोर आदल्या वर्षीचा विजेता सेंदाई इकुएई. केइओच्या पहिल्याच फलंदाजाने थेट प्रेक्षकांत टोला हाणला; अंतिम सामन्याची सुरुवात अशी पूर्वी कधी झाली नव्हती. सामना ८ विरुद्ध २ असा संपला. यापूर्वी ही शाळा जिंकली होती ती १९१६ साली, म्हणजे १०७ वर्षांपूर्वी.

त्या सामन्याने केसांचा वाद मिटला असे समजण्याचे कारण नाही. हरले असते तर केसांमुळे हरले असे म्हणणारे लोक होतेच, आणि जिंकले म्हणून केस राखणे योग्य ठरले असे म्हणणारेही निघाले. दोघेही धावफलकावरून डोक्याची किंमत करतात, आणि आमच्या मते दोघांचाही हिशेब चुकतो. आठ धावांऐवजी एकही धाव झाली नसती तरी त्या मुलांचे डोके त्यांचेच राहिले असते.

जपानात शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. शेकडा २६ म्हटले तरी साडेतीन हजारांहून अधिक शाळांपैकी ती हजाराच्या घरात जातात. मार्चअखेरीस त्यांपैकी एखाद्या शाळेत नाव घातलेला पंधरा वर्षांचा मुलगा न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. किती बारीक, असे न्हावी विचारतो. कोणत्या शाळेच्या बेसबॉल-संघात जाणार एवढे मुलाने सांगितले की न्हाव्याला पुढे काही विचारावे लागत नाही. तो बारिकान उचलतो.